एकोणऐंशी वर्षांच्या आजी, दहा गोळ्या आणि साठ मिलीची एक बाटली

यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातल्या एका गावातल्या या आजी. वय ७९, वजन ४१ किलो. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, गिळणे मात्र पूर्वीसारखे झाले नाही. घरात मुलगा, सून आणि पुण्यात नोकरीला असलेला नातू. फैजपूरच्या मेडिकलमध्ये विचारणा नातवानेच केली. आजीसाठी खास बनवून घेतलेली 'वय रोखणारी' कॅप्सूल त्याला हवी होती. त्यात डीएचईए (शरीरात बनणारे एक हार्मोन), मेलाटोनिन (झोपेचे हार्मोन) आणि बी १२ असावे, असे त्याने कुठेतरी वाचले होते.

मागणी साधी वाटते. माणूस एक, चिठ्ठी एक, औषधही त्याच्यापुरते. पण म्हातारपणात औषध बनवून देण्याचे काम खलबत्त्यापासून सुरू होत नाही. आधी घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगायचे, तिथून ते सुरू होते. या प्रकरणात पिशवी आल्यावर दिवसाला दहा प्रकारच्या गोळ्या निघाल्या आणि अखेरीस बनवून द्यावे असे औषध एकच उरले. तेही चार आठवड्यांपुरते.

पिशवीत काय होते

सकाळी आठ गोळ्या होत्या. बी.पी.साठी अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, बी.पी. आणि नाडी कमी करणारी मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिग्रॅ (दिवसभर हळूहळू सुटणारी), क्लोपिडोग्रेल ७५, शुगरसाठी ग्लिमेपिराइड १ व मेटफॉर्मिन एसआर (हळू सुटणारे) ५०० यांची जोडगोळी, आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४०, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, कॅल्शियम-डी ३ आणि लघवीची गोळी टॉर्सेमाइड १०. रात्री कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन २०, झोपेसाठी अॅमिट्रिप्टिलिन १० आणि शुगरची जोडगोळी पुन्हा एकदा.

तक्रारी अशा होत्या: महिन्यात दोनदा पडणे, दोन्ही वेळा सकाळी दहा-अकराच्या सुमारास, तोंड कोरडे, पोट साफ नाही, जेवण कमी, पायावर सूज. आजींचे स्वतःचे म्हणणे एकच होते, "गोयी घसामा अटकस वं."

गोळी अडकते म्हणून सून रोज सकाळच्या आठही गोळ्या एकत्र कुटून अर्धी वाटी वरणात कालवून देत होती. ती मनापासून करत होती आणि कुटू नये असे तिला कुणी सांगितलेलेही नव्हते. फार्मासिस्टने तिला घरचाच खलबत्ता आणायला सांगितला आणि नेहमीसारखे कुटायला लावले. आठ गोळ्यांचे वजन भरले ३.७ ग्रॅम. वाटीत उतरलेली पूड ३.१ ग्रॅम. सहावा हिस्सा दगडाला चिकटून राहिला होता. आजी कधी कधी वाटी अर्धीच खातात, ही गोष्ट बोलता बोलता कळली. म्हणजे पुन्हा झटका येऊ नये म्हणून दिलेल्या क्लोपिडोग्रेलची मात्रा कधी पाऊण पोटात जात होती, कधी निम्मीही नाही.

काही गोळ्यांचे उलटे होत होते. हळू सुटणारी मेटोप्रोलॉल गोळी तुकडा पाडून चालते, कुटून चालत नाही. आतल्या बारीक गोळ्यांवरचा थर फुटला की चोवीस तासांचे औषध दीड-दोन तासांत रक्तात उतरते. सकाळी आठला दिलेली गोळी दहाला जोरात काम करणार, आणि पडणेही त्याच वेळचे होते. मेटफॉर्मिन एसआर कुटल्याने मळमळ वाढते. पॅन्टोप्राझोलवरचे आवरण जठरातल्या आम्लापासून त्याला वाचवण्यासाठी असते. ते मोडले की औषध पोटातच निकामी होते. ती गोळी घेतली काय, न घेतली काय, सारखेच.

डॉक्टरांकडे काय ठरले

ही सगळी नोंद कागदावर मांडून जळगावच्या फिजिशियनकडे पाठवली. औषध बंद करणे, कमी करणे हा निर्णय त्यांचाच. फार्मासिस्टने तो परस्पर घेऊ नये.

झोपलेल्या अवस्थेत बी.पी. १३८/७६, उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी ११२/६४. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला की उभे राहताना बी.पी. पडते असे धरतात. इथे दोन्ही उतरले होते. नाडी ५२. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.३. रिपोर्टवर हा आकडा फारसा वाईट दिसत नाही, पण वजन ४१ किलो आहे हे विसरायचे नाही. किडनीची गाळण्याची गती काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने: (१४० − ७९) × ४१ ÷ (७२ × १.३) × ०.८५ = मिनिटाला सुमारे २३ मिली. खान्देशातल्या काटक, हडकुळ्या म्हाताऱ्या माणसांत हा फरक वारंवार दिसतो. स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी, आणि त्यामुळे किडनी ठीक असल्याचा भास. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर) ६.४ होते. या वयात आणि अशा प्रकृतीत ८ च्या आत असले तरी पुरते. ग्लिमेपिराइड चालू आणि जेवण अनिश्चित, म्हणजे शुगर एकदम उतरण्याचा धोका. बी १२ तपासले तर १६८ निघाले. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन, त्यावर आम्ल कमी करणारी गोळी. दोन्हींमुळे बी १२ कमी होते.

सूजेची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती घरोघरी घडते. अॅम्लोडिपिनने पावलांवर सूज येते. ती हृदयाची किंवा किडनीची समजून लघवीची गोळी सुरू होते. लघवीच्या गोळीने अंगातले पाणी कमी होते, चक्कर येते, मलावरोध वाढतो. एका औषधाचा त्रास निस्तरायला दुसरे आले की तिसरे फार लांब नसते.

ठरले ते असे. शुगरची जोडगोळी बंद, उपाशीपोटी शुगर आठवड्यातून दोनदा बघायची. डायक्लोफेनॅक बंद, कारण किडनी. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचेच जेल वरून लावायचे आणि पॅरासिटामॉल सिरपमधून ५०० मिग्रॅ दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. टॉर्सेमाइड बंद. कॅल्शियम बंद. अॅमिट्रिप्टिलिन दोन आठवडे एक रात्र आड, मग बंद. तोंड कोरडे पाडून तीच गोळी गिळणे आणखी अवघड करत होती. अॅम्लोडिपिन ५ वरून २.५. ईसीजी ठीक, छातीत दुखणे नाही, हृदय निकामी असल्याची लक्षणे नाहीत, म्हणून मेटोप्रोलॉलची गरज उरली नव्हती. पण ते एका दिवसात तोडता येत नाही. एकदम बंद केल्यास धडधड, बी.पी. उसळणे, छातीत दुखणे असे होऊ शकते. ते पायरी-पायरीने उतरवायचे, आणि बनवून दिलेल्या औषधाची खरी गरज इथे निघाली.

काय बनवायचे नाही

आधी बाजारात बघायचे. अॅम्लोडिपिन २.५ मिग्रॅची गोळी मिळते आणि पाण्यात विरते, मग त्याचे सस्पेन्शन (द्रवात मिसळून ठेवलेली औषधाची पूड) करण्यात अर्थ नाही. १ मिग्रॅ/मिलीचे प्रमाणित सूत्र आहे, तरीही नाही. कारखान्यातल्या गोळीची तपासणी झालेली असते, बाटलीत बनवलेल्या औषधाची तेवढी होत नाही.

पॅन्टोप्राझोलचे द्रव औषध ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटमध्ये २ मिग्रॅ/मिली या प्रमाणात करता येते. पण ४० मिग्रॅसाठी २० मिली लागतात आणि तेवढ्या द्रावणात सोडियम असते सुमारे ४६० मिग्रॅ. बी.पी.च्या पेशंटला रोज एवढे सोडियम औषधातून द्यायचे नाही. त्याऐवजी तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोल १५ मिग्रॅ चिठ्ठीवर आली. क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल टाळतात. क्लोपिडोग्रेलच्या कामात लॅन्सोप्राझोलचा अडथळा त्यामानाने कमी.

नातवाच्या कॅप्सूललाही नकार दिला. मागणीनुसार बनवलेल्या हार्मोनच्या औषधांविषयी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेच्या समितीने २०२० साली सगळा उपलब्ध पुरावा तपासला. सुरक्षितता आणि उपयोग ठरवायला तो अपुरा आहे, असे सांगून वापर मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. झटका येऊन गेलेल्या ७९ वर्षांच्या बाईला डीएचईए देण्याचे काहीच कारण नाही. बी १२ मात्र खरोखर कमी होते. ते कॅप्सूलमध्ये न घालता इंजेक्शनने द्यायचे ठरले. नातवाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मग आजीला नवीन काहीच नाही का?" उत्तर होते, "दादा, तिचं जे चाललंय त्यातलं निम्मं काढतोय. नवीन तेच."

साठ मिलीची बाटली

चिठ्ठी अशी: मेटोप्रोलॉल टार्ट्रेट (तेच औषध, पण हळू न सुटणारे), पहिले दोन आठवडे १२.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, पुढचे दोन आठवडे ६ मिग्रॅ दोनदा, मग बंद. २५ मिग्रॅची गोळी अर्धी करून साडेबारा होतात, पण सहासाठी चतकोर करावी लागते. चार चतकोर कधीच सारखे पडत नाहीत आणि भुगा वाया जातो तो वेगळाच.

१० मिग्रॅ/मिली हे प्रमाण मुद्दाम घेतले. ओरा-प्लस आणि ओरा-स्वीट या तयार माध्यमांच्या सम मिश्रणात मेटोप्रोलॉल टार्ट्रेट याच प्रमाणात ६० दिवस टिकल्याचा अभ्यास आहे. मोजायला सोपे म्हणून ५ किंवा २ मिग्रॅ/मिली करावे असे वाटते, पण प्रमाण बदलले की तो पुरावा आपल्या बाटलीला लागू होत नाही. माध्यम मुंबईहून मागवले. त्याऐवजी साधा साखरेचा पाक किंवा मध वापरू नये. त्यामध्ये औषध खाली बसते, वर पुरेसे राहत नाही, आणि टिकण्याचा काही भरवसा नाही.

ग्लिसरीन वापरायची वेळ आली तर ती आय.पी. (भारतीय औषध-प्रमाणग्रंथ) दर्जाचीच, डायइथिलीन ग्लायकोलची तपासणी झालेल्या बॅचची आणि तपासणी-पत्रासकट. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे विष मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. सुट्ट्या डब्यातली, लेबल नसलेली ग्लिसरीन स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

हिशोब: १.२५ मिली दिवसातून दोनदा, १४ दिवस, म्हणजे ३५ मिली. ०.६ मिली दोनदा, १४ दिवस, म्हणजे १६.८ मिली. एकूण ५१.८. सांडलवंड धरून ६० मिली. त्यासाठी ६०० मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅच्या साध्या १२ गोळ्या. २५ च्या २४ गोळ्याही चालल्या असत्या, पण मग खडू-स्टार्चसारखा भरणा जास्त येतो आणि सस्पेन्शन घट्ट होते. गोळ्या टार्ट्रेटच्या आणि साध्या हव्यात. पट्टीवर 'एक्सएल' किंवा 'सक्सिनेट' दिसले तर ती बाजूला ठेवायची. दुकानात दोन्ही एकाच खणात असतात आणि चूक तिथेच होते.

बारा गोळ्या मोजून, वजन करून नोंदवहीत लिहिल्या. काचेच्या खलात बारीक केल्या. चिनीमातीचा खरबरीत खल पूड धरून ठेवतो. ओरा-प्लसचे थोडेसे थेंब घालून गुठळी नसलेली मऊ पेस्ट केली. ही पायरी घाईत केली की वर कोरडे कण तरंगतात आणि कितीही हलवले तरी मिसळत नाहीत. मग पेस्टएवढेच माध्यम, मग त्याच्या दुप्पट, असे वाढवत नेले. ६० मिलीची खूण केलेल्या तपकिरी बाटलीत ओतले, खल दोनदा माध्यमाने विसळून तेही बाटलीत घातले आणि शेवटी खुणेपर्यंत भरले. गोळीवरच्या आवरणाचे पापुद्रे दिसतात म्हणून गाळायचे नाही. गाळले तर औषधही गाळणीवर राहते.

अभ्यासात ६० दिवस असले तरी बाटलीवर ३० दिवसांची मुदत घातली. साठ हा आकडा औषध रासायनिकदृष्ट्या टिकण्याचा आहे. जंतू वाढण्याचा प्रश्न वेगळा असतो. परिरक्षक (जंतू वाढू न देणारा पदार्थ) असलेल्या पाणीदार औषधाला अमेरिकन फार्माकोपियाची (तिथल्या औषध-प्रमाणग्रंथाची) २०२३ पासूनची मर्यादा ३५ दिवसांची आहे, परिरक्षक नसेल तर फ्रिजमध्ये १४ दिवस. आपल्याकडे औषध नियम १९४५ प्रमाणे असे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि चिठ्ठीवरच बनते. दुकानाचे व पेशंटचे नाव, मात्रा आणि चिठ्ठी-नोंदवहीतला क्रमांक लेबलवर लागतो. उपयोगी पडेल म्हणून दहा बाटल्या आधीच करून ठेवणे हे उत्पादन झाले. त्याला वेगळा परवाना लागतो.

सव्वा मिली

या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका लेबलात होता. मात्रा १२.५ मिग्रॅ आणि माप १.२५ मिली. दोन्ही आकडे एका बाटलीवर लिहिले तर टिंबाची जागा चुकायला वेळ लागत नाही. १२.५ मिली म्हणजे १२५ मिग्रॅ, दहापट, आणि आजींची नाडी आधीच ५२. म्हणून घरच्या लेबलवर मिलिग्रॅम लिहिलेच नाहीत. ते नोंदवहीत आणि डॉक्टरांच्या प्रतीवर राहिले. बाटलीवर ठळक अक्षरांत: "सव्वा मिली, सकाळी आणि रात्री". देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ सारखे दिसतात, म्हणून आकड्याऐवजी शब्द. सोबत ३ मिलीची तोंडात द्यायची पिचकारी, सव्वाच्या रेषेवर लाल चिकटपट्टी. तेवढ्या पिचकारीत साडेबारा मिली मावतच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात १ मिलीची पिचकारी ०.६ वर खूण करून दिली, आणि जुनी परत घेतल्यावरच दिली. दोन पिचकाऱ्या एका घरात ठेवल्या की चुकीची हाताला येते.

द्यायच्या आधी बाटली दहा-बारा वेळा उलटी-सुलटी करायची. जोरात फेसाळेपर्यंत हलवली तर पिचकारीत हवेचे बुडबुडे येतात आणि माप कमी भरते. न हलवता दिले तर पहिले दिवस पातळ आणि शेवटचे दिवस गाळ, म्हणजे मात्रा कमी करत आणायच्या वेळी उलट वाढत जाणार.

गिळण्याची तपासणी जळगावला झाली होती आणि पाणी मध्यम घट्ट करून द्यायला सांगितले होते. घट्टपणा बघायची सोपी रीत आहे. ठरावीक मापाची १० मिलीची पिचकारी भरायची, टोक १० सेकंद उघडे ठेवायचे आणि उरले किती ते बघायचे. १ ते ४ मिली उरले तर किंचित घट्ट, ४ ते ८ तर थोडे घट्ट, ८ ते १० तर मध्यम. आपल्या पिचकारीची नळी शून्यापासून दहापर्यंत ६१.५ मिलिमीटर आहे ना, हे आधी मोजून घ्यावे. औषध वाया जाऊ नये म्हणून ही चाचणी नुसत्या माध्यमावर केली. दोन मिली उरले. म्हणजे सस्पेन्शन एकटेच पाजणे धोक्याचे होते. ते घट्ट केलेल्या पाण्याच्या एका चमच्यात मिसळून लगेच द्यायचे ठरले. तांदळाच्या पेजेने घट्टपणा आणता येतो, पण लाळेतल्या रसाने पेज तोंडातच पातळ होते. झॅन्थन गोंदाची पूड त्यासाठी बरी. मलावरोधासाठी मॅक्रोगॉल सुचले होते, ते टाळले. ते स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात मिसळले की सगळे पुन्हा पाण्यासारखे पातळ होते आणि ठसका लागतो. लॅक्टुलोज दिले.

बाकीच्या गोळ्यांसाठी सुनेला सांगितले: "ताई, सगळ्या एकत्र नाही. एक गोळी, एक छोटी वाटी, दोन चमचे पाणी. दोन-तीन मिनिटं थांबा, विरली की कुस्करा, घट्ट पाण्याच्या चमच्यातून द्या, मग वाटी विसळून तेही द्या." शिकरणाच्या एका चमच्यातून दिले तरी चालते. वाटीभर वरणात नाही. उरलेले वरण म्हणजे उरलेली मात्रा. देताना पाठ सरळ, हनुवटी खाली, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

काय बिघडले, काय सुधारले

मे महिना होता. बाहेर ४३ अंश आणि लाईट दुपारपासून संध्याकाळपर्यंत गेलेली. त्या दिवशी बाटली फ्रिजऐवजी ओट्यावर राहिली. खोलीच्या तापमानाला औषध टिकते असे पुस्तकात असते, पण ती खोली २५ अंशांची धरलेली असते. खान्देशातली मेमधली पत्र्याची खोली त्यात बसत नाही. बाटली बदलून दिली: ३० मिली, सहा गोळ्या, १५-१५ मिली माध्यम. फैजपूरहून नेताना थर्मासमध्ये बर्फ आणि बाटलीभोवती जाड फडके, कारण सस्पेन्शन गोठले की कण चिकटतात आणि पुन्हा नीट मिसळत नाहीत.

चौथ्या आठवड्याअखेर मेटोप्रोलॉल थांबले. रोज सकाळी नाडी लिहायची आणि शंभरच्या वर गेली किंवा छातीत दुखले तर लगेच फोन करायचा, असे ठरले होते. तशी वेळ आली नाही. नाडी ५२ वरून ७० च्या आसपास आली. झोपून बी.पी. १४८/८०, उभे राहून १३८/७६. वरचा आकडा आधीपेक्षा जास्त आहे, पण उभे राहिल्यावर टिकतो आहे, म्हणून डॉक्टरांनी तो चालवून घेतला. पायाची सूज बरीच उतरली. सहा आठवड्यांत पडणे नाही. जेवण वाढले, वजन ४२.५ किलो. शुगर औषधाविना उपाशीपोटी १३० ते १५० च्या दरम्यान.

झोपेचा प्रश्न सुटलेला नाही. अॅमिट्रिप्टिलिन थांबल्यावर आजी पहाटे तीनला जाग्या होतात. संध्याकाळचा चहा बंद केल्याने थोडा फरक पडला, पुरता नाही. गुडघाही दुखतोच. याच काळात शेजारच्या गावातून 'गुडघ्याची पुडी' आणायचा विषय निघाला होता. लेबल नसलेली, एका रात्रीत आराम देणारी पुडी असेल तर तिच्यात स्टेरॉइड असल्याची शंका आधी घ्यायची; या वयात त्याने शुगर, हाड आणि जखमा तिन्ही बिघडतात. पुडी आली नाही.

आता चालू आहेत: अॅम्लोडिपिन २.५, क्लोपिडोग्रेल, अॅटोर्व्हास्टॅटिन, लॅन्सोप्राझोल, लागेल तसे पॅरासिटामॉल सिरप, लॅक्टुलोज आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बी १२ चे इंजेक्शन. पॅरासिटामॉल सिरप १२५ आणि २५० मिग्रॅ/५ मिली अशा दोन्ही ताकदीत मिळते, म्हणून बाटली बदलली की लेबल दुकानात दाखवूनच न्यायचे. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि बी १२ पुन्हा तपासायचे आहे. मेटोप्रोलॉलच्या बाटलीत उरलेले औषध फ्रिजमध्ये ठेवू न देता दुकानात परत घेतले आणि नोंदवहीत तशी सही झाली.